प्रस्तावना : दरी कोण बुजवते?

श्रीमंत देश आपल्या नागरिकांच्या आरोग्यावर जो पैसा खर्च करतात, तो काळाच्या ओघात एकमेकांच्या जवळ येत जातो का? अर्थशास्त्रज्ञ हा प्रश्न गेली कित्येक दशके विचारत आले आहेत. त्यावर भरपूर लिहिले गेले आहे, पण मराठीत जवळजवळ काहीच नाही. मराठवाड्यातल्या परभणी जिल्ह्यात, पूर्णेसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या माणसाने जर्मनी, जपान आणि अमेरिकेच्या दवाखान्यांचा हिशेब कशाला मांडत बसायचा, असे मला अनेकांनी विचारले. विचारणाऱ्यांत हितचिंतकच जास्त होते. त्यांना नीट उत्तर द्यायचे म्हणून ही प्रस्तावना लांबली आहे.

प्रश्न परदेशात तयार झाला असला तरी त्याचा जीव आपल्याकडेच आहे, असे माझे मत आहे. एका राज्यात, एका जिल्ह्यात, किंबहुना एकाच गावात शेजारी राहणाऱ्या दोन माणसांच्या आजारपणावर होणाऱ्या खर्चात किती अंतर असते आणि ते अंतर कोण भरून काढते, हे पूर्णेत जितके उघड दिसते तितके कोणत्याही आकडेवारीच्या तक्त्यात दिसत नाही. मात्र ते दिसायला आधी तक्ता समजून घ्यावा लागतो. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

१९७७ साली जोसेफ न्यूहाउस या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १३ विकसित देशांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. एका बाजूला दरडोई उत्पन्न, दुसऱ्या बाजूला दरडोई वैद्यकीय खर्च. देशादेशांतल्या खर्चाच्या तफावतीचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग एकट्या उत्पन्नाने उलगडतो, असे त्याला आढळले. कोणत्या देशात डॉक्टर किती, विमा कसा, सरकार कोणाचे, या सगळ्या गोष्टी उरलेल्या थोड्या भागात. या निष्कर्षातून पुढचे पाऊल सहज पडते. देशांची उत्पन्ने जवळ येत गेली, तर त्यांचा आरोग्यखर्चही जवळ येत जाणार. मागे असलेला देश पुढच्यापेक्षा वेगाने वाढतो आणि त्याला गाठतो, हा विचार रॉबर्ट सोलो यांच्या १९५६च्या मांडणीपासून अर्थशास्त्रात रुजला होताच. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पश्चिम युरोपात आणि जपानमध्ये तसे घडतानाही दिसत होते.

आता इथे वाचकाने थोडा वेळ थांबावे, कारण ‘जवळ येणे’ हे दोन तऱ्हेने मोजतात आणि दोन्ही तऱ्हा एकच सांगतात असे नाही. समजा, एक देश माणशी १०० रुपये खर्च करतो आणि दुसरा १,०००. काही वर्षांनी पहिल्याचा खर्च दुप्पट होऊन २०० झाला, दुसऱ्याचा दीडपट होऊन १,५०० झाला. पहिला अधिक वेगाने वाढला, पूर्वी दहापट असलेले अंतर साडेसातपटींवर आले. तक्त्यावर हे यशच दिसेल. पण रुपयांतले अंतर ९०० होते ते १,३०० झाले. औषधाच्या दुकानात रुपये द्यावे लागतात, पट देऊन भागत नाही. मराठवाड्याच्या विकासाविषयी सरकारी भाषणांत जे आकडे दिले जातात, ते ऐकताना हे लहानसे गणित मनाशी असू द्यावे.

दुसरी सावधगिरी याहून महत्त्वाची आहे. १९८६ साली विल्यम बाउमोल यांनी १८७० पासूनचे आकडे घेऊन औद्योगिक देश एकमेकांच्या जवळ आल्याचे दाखवले. दोनच वर्षांनी ब्रॅडफर्ड डी लाँग यांनी त्यातली खोच दाखवून दिली. आज जे देश श्रीमंत आहेत तेच निवडायचे आणि ते सगळे जवळ आले असे म्हणायचे, यात सिद्ध काय झाले? जे मागे राहिले ते यादीतच नाहीत. १८७० साली जे देश पुढे जाण्यासारखे दिसत होते त्यांची यादी केली, तर जवळ येण्याचा तो सुबक नियम विस्कटतो. ‘विकसित देशांचा खर्च जवळ येतो का’ या प्रश्नातला पहिलाच शब्द उत्तराचा मोठा भाग आधीच ठरवून टाकतो. पोहोचलेल्यांमध्येच विचारले की सगळे पोहोचतात का, तर उत्तर होकारार्थीच येणार. मला न पोहोचलेल्यांचा हिशेब हवा होता.

तरीही पोहोचलेल्यांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. दक्षिण कोरियाने १९७७ मध्ये मोठ्या कारखान्यांतल्या कामगारांपासून सक्तीचा आरोग्य विमा सुरू केला आणि अवघ्या बारा वर्षांत, १९८९ पर्यंत, तो सगळ्या देशाला लागू केला. २००० च्या सुमारास तो देश राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण ४ टक्के आरोग्यावर खर्च करत होता. आज तो त्याच्या दुपटीच्या आसपास खर्च करतो, म्हणजे श्रीमंत देशांच्या सरासरीच्या जवळ आला आहे. उलट उदाहरण अमेरिकेचे. १९७० च्या सुमारास अमेरिका आणि कॅनडा दोघेही राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ७ टक्के आरोग्यावर खर्च करत होते. शेजारी देश, भाषा बरीचशी एक, डॉक्टरांचे शिक्षण एकाच धर्तीचे. त्याच सुमारास कॅनडाने सर्व प्रांतांत सरकारी विमा पुरा केला. अमेरिकेने म्हातारे आणि गरीब यांच्यापुरती सरकारी सोय ठेवून बाकीचे बाजारावर सोपवले. आज अमेरिका १७ टक्क्यांच्या वर आहे, कॅनडा ११ ते १२ च्या घरात. आणि अमेरिकी माणसाचे सरासरी आयुष्य कॅनडातल्या माणसापेक्षा कमी आहे. २००३ मध्ये जेरार्ड अँडरसन, उवे राइनहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे तपासून सांगितले की अमेरिकी लोक दवाखान्यात जास्त जातात म्हणून हा खर्च वाढलेला नाही. तिथे प्रत्येक गोष्टीची किंमतच जास्त आहे, म्हणून तो वाढलेला आहे.

म्हणजे उत्पन्न बरेच काही ठरवते, पण सगळे नाही. पैसे कोण देतो आणि किंमत कोण ठरवतो, यावर उरलेले अवलंबून असते.

बाउमोल यांचेच आणखी एक निरीक्षण इथे लागते. कारखान्यात यंत्र आले की एक कामगार पूर्वीच्या दहापट माल काढतो आणि त्याची मजुरी वाढते. पण नर्सला जखम धुऊन पट्टी बांधायला पन्नास वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागत होता तेवढाच आजही लागतो. तरी तिचा पगार कारखान्यातल्या पगाराच्या जोडीने वाढवावाच लागतो, नाहीतर त्या कामाला माणूस मिळणार नाही. म्हणून सेवा महाग होत जातात. श्रीमंत देशाला हे परवडते, कारण तिथे सगळ्यांचेच पगार वाढलेले असतात. पूर्णेत ज्याची मजुरी वाढली नाही त्याला मात्र नांदेड, हैदराबाद, मुंबई इथल्या पगारांनी ठरवलेली किंमत मोजावी लागते. सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटची कमाल किंमत बांधून दिली, औषधाचा लेप असलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये. हे पाऊल अतिशय चांगले होते, आधी याच्या कितीतरी पट पैसे घेतले जात. पण ती किंमत सगळ्या देशाला एक आहे. दक्षिण मुंबईतल्या माणसाला आणि पूर्णा तालुक्यातल्या चुडाव्याच्या शेतमजुराला एकच. किमती एकमेकींच्या जवळ आल्या, मजुऱ्या आल्या नाहीत. या पुस्तकातल्या अनेक प्रकरणांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

इंग्लंडचे उदाहरण मी मुद्दाम वेगळे ठेवले होते, कारण ते आपल्या सर्वांत जवळचे आहे. ५ जुलै १९४८ ला तिथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. उपचार सर्वांना मोफत झाले, पण विभागांना पैसा कसा वाटायचा याचे सूत्र नव्हते. जिथे आधीपासून मोठी रुग्णालये होती तिथे ती चालवायला पैसा जात राहिला. लंडनला भरपूर, उत्तरेकडच्या खाणींच्या आणि गिरण्यांच्या भागाला कमी. वेल्समधल्या एका खाणगावात डॉक्टरकी करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये लॅन्सेटमध्ये लिहून दाखवले की जिथे गरज अधिक तिथे चांगली सेवा कमी, असे हे उलटे प्रमाण आहे आणि बाजाराला जितकी मोकळीक मिळते तितके ते अधिक उलटे होते. १९७५ मध्ये सरकारने एक गट नेमला, पुढच्या वर्षी त्याचा अहवाल आला. त्याने सांगितले की आधी इमारती किती आहेत हे विसरा. लोकसंख्या किती, त्यात म्हातारे आणि बालके किती, मृत्यूचे प्रमाण सरासरीच्या तुलनेत किती, यावरून प्रत्येक विभागाचा वाटा काढा. एका विभागातला रुग्ण दुसऱ्या विभागात जाऊन उपचार घेत असेल तर त्याचाही हिशेब धरा. मग दरवर्षी थोडे थोडे करत प्रत्येक विभागाला त्याच्या वाट्याकडे न्या. दहा-बारा वर्षांत बहुतेक विभाग ठरवलेल्या वाट्याच्या अगदी जवळ आले. लंडनने कुरकुर केली, रुग्णालये बंद होतील अशी भीती घातली गेली, पण सूत्र पाळले गेले.

आपल्याकडे अशी बुद्धिमत्ता नव्हती असे कोणी म्हणू नये. १९८३ मध्ये महाराष्ट्र सरकारने पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत आयुष्य घालवलेल्या वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाची सत्यशोधन समिती नेमली. १९८४ च्या तिच्या अहवालात रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, पाणीपुरवठा यांच्या बरोबरीने आरोग्यसेवा हे क्षेत्रही होते. पद्धत स्वच्छ होती. राज्याची सरासरी काढायची, जो जिल्हा सरासरीच्या खाली आहे त्याला सरासरीला आणायला किती पैसा लागेल ते मोजायचे आणि त्याला अनुशेष म्हणायचे. जिल्ह्याला एकक धरल्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कोकणातल्या मागासलेल्या जिल्ह्यांचेही दुःख नोंदले गेले. एकूण अनुशेष निघाला सुमारे ३,१८७ कोटी रुपये आणि त्यात मराठवाड्याचा वाटा साडेतेवीस टक्क्यांच्या थोडा वर. सर्वांत मोठा भाग सिंचनाचा होता, त्यामुळे चर्चा धरणांची आणि कालव्यांचीच होत राहिली. आरोग्याचा अनुशेष त्या पाण्याच्या वादात मागे पडला.

या अहवालामागे मराठवाड्याचा जो आग्रह होता तो विसरून चालणार नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राजवटीतून सुटलेला हा प्रदेश कोणतीही अट न घालता महाराष्ट्रात आला. १९५३ च्या नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचा शब्द दिला होता. संविधानाच्या ३७१ (२) या अनुच्छेदात विकास मंडळांची आणि विकासखर्चाच्या न्याय्य वाटपाची तरतूद होती. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने तो शब्द जागा ठेवला. शेवटी १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळे आली. नव्याने अनुशेष मोजायला समिती बसली. १ एप्रिल १९९४ रोजीचा आकडा निघाला १४,००६ कोटी ७७ लाख, त्यात मराठवाड्याचे ४,००४ कोटी ५५ लाख. दहा वर्षांत दरी बुजण्याऐवजी वाढलेली दिसली. किमती वाढल्या होत्या, मोजण्याचे निकषही थोडे बदलले होते, हे मान्य. तरीही मराठवाड्याचा वाटा साडेतेवीस टक्क्यांवरून साडेअठ्ठावीस टक्क्यांवर गेला, याचा खुलासा केवळ महागाईने होत नाही. ३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली आणि ती वेळेवर वाढवली गेली नाही. २०१३ मध्ये विजय केळकर समितीने वेगळ्या दृष्टीने केलेला अभ्यासही तोवर कपाटात गेला होता.

इंग्लंडच्या सूत्राने दरी आटली आणि दांडेकरांच्या अनुशेषाने आटली नाही, याचे कारण मला असे दिसते. तिथे दरवर्षीचा चालू पैसा सूत्राला बांधला होता. पगार, औषधे, वीज, सगळे त्यात आले. आपल्याकडे अनुशेष एकरकमी देण्यासारखा मानला गेला, जुने देणे फेडले की हिशेब संपला. अशा पद्धतीत इमारत बांधून होते, कारण इमारत रुपयांत मोजता येते आणि तिचे उद्घाटनही करता येते. रात्री दोन वाजता सिझर करायला स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघेही हजर असणे, रक्तपेढीतून पिशवी वेळेवर येणे, हे चालू खर्चाचे काम आहे. त्याचा अनुशेष कोणी मोजला नाही.

केंद्राने राज्याराज्यांतली दरी बुजवण्याचा एक चांगला प्रयत्न केला होता, त्याची आठवण इथे हवी. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालच्या बाराव्या वित्त आयोगाने २००५ ते २०१० या काळासाठी बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, मध्य प्रदेश, ओडिशा, आसाम आणि उत्तराखंड या सात राज्यांना केवळ आरोग्यासाठी ५,८८७ कोटींचे अनुदान दिले. तत्त्व योग्य होते, पण दरीचा जेमतेम ३० टक्के भाग भरण्यापुरतेच ते होते. आणि महाराष्ट्र त्या यादीत असणे शक्यच नव्हते. मुंबई, पुणे, ठाण्याच्या उत्पन्नाने राज्याची सरासरी उंच दिसते आणि त्या सरासरीच्या आड परभणी दिसेनासा होतो. संपन्न राज्यातला मागासलेला जिल्हा असणे यात हे दुहेरी नुकसान आहे. दिल्लीच्या हिशेबात तो श्रीमंत आणि मुंबईच्या हिशेबात तो शेवटचा.

आता पूर्णेकडे येतो. मनमाड-सिकंदराबाद आणि अकोल्याकडची वाट इथे मिळते, म्हणून हे जंक्शन. मीटरगेजच्या दिवसांत इथल्या लोकोशेडवर गावाची निम्मी चूल पेटत असे. आजही गावात रेल्वेचे घर आणि बिगर-रेल्वेचे घर असा फरक आहे, आणि तो पगारापेक्षा आजारपणात अधिक दिसतो. रेल्वेच्या माणसाला रेल्वेचा दवाखाना, पुढे नांदेड, आणि मोठे दुखणे असेल तर सिकंदराबादला लालागुड्याचे मध्यवर्ती रुग्णालय. निवृत्तीनंतरही सोय चालू. बाकीच्यांना ग्रामीण रुग्णालय, आणि तिथे होण्यासारखे नसेल तर ‘नांदेडला हलवा’.

माझे थोरले चुलते रेल्वेत फिटर होते, धाकटे ताडकळसच्या बाजूला शेती करत. दोघांच्याही हृदयाच्या नळ्या एकाच वर्षाच्या आगेमागे तुंबल्या. थोरल्यांचे ऑपरेशन सिकंदराबादला झाले. काकूला जो खर्च आला तो जाण्यायेण्याचा, पथ्याच्या भाकरीचा आणि देवीला बोललेल्या नवसाचा. धाकट्यांना २०१२ च्या हिवाळ्यात नांदेडला खासगी रुग्णालयात नेले. त्याच वर्षी २ जुलैला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली होती आणि पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होता. दीड लाखापर्यंतचा उपचार सरकार देणार होते. काउंटरवर चुलत भावाने केशरी रेशनकार्ड पुढे केले. कार्ड परभणी जिल्ह्याचे निघाले. योजना नांदेड जिल्ह्यातल्या कुटुंबांसाठी होती. तिथल्या माणसाचा दोष नव्हता, नियमच तसा होता. भावाने कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत परत ठेवले आणि डिपॉझिटची सोय करायला गावाकडे फोन लावला. दीड एकर गहाण पडले. योजना परभणीसह सगळ्या राज्यात आली ती २१ नोव्हेंबर २०१३ ला, सोळा महिन्यांहून अधिक काळाने. रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावरचे शहर. दवाखान्यांपुरते ते आमचेच, योजनेपुरते परके.

धाकट्यांवर झालेला खर्च थोरल्यांवर झालेल्या खर्चापेक्षा फार कमी नसावा. माणशी खर्चाच्या तक्त्यात हे दोघे भाऊ अगदी शेजारी दिसतील आणि एखादा संशोधक म्हणेल की बघा, दरी आटली. आटली खरी, पण ती दीड एकराने आटली. माझ्या पुस्तकाचा मुख्य मुद्दा हाच आहे. एकूण खर्च जवळ आला की नाही हे पाहणे पुरेसे नाही. मागे असलेल्याचा खर्च कोणाच्या पदरातून वाढला हे पाहिल्याशिवाय त्या जवळ येण्याला चांगले म्हणता येत नाही. कोरियातल्या माणसाला त्याच्या विम्याने वर नेले. आपल्याकडे रुग्णाला त्याच्या सोयऱ्यांनी, सावकाराने आणि सातबाऱ्याने वर नेले.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, ग्रामीण भारतात एकदा रुग्णालयात भरती होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,२९० रुपये आणि खासगी रुग्णालयात २७,३४७ रुपये निघाला. सहापटींहून अधिक. हा पैसा ग्रामीण कुटुंबांनी मुख्यतः रोजच्या कमाईतून आणि साठवलेल्यातून घातला, त्याखालोखाल कर्जातून. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या पदरमोडीचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घसरण खरी आहे आणि तिचे श्रेय सरकारांना द्यायला हवे. तरीही राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्ये सांगितलेला राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांचा सरकारी खर्च अजून गाठलेला नाही, आणि राज्यांनी अंदाजपत्रकाच्या ८ टक्क्यांहून अधिक आरोग्याला द्यावे हे जे ठरले होते त्याच्या महाराष्ट्र बराच खाली राहिला.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळे मोफत झाले. पूर्णेच्या ग्रामीण रुग्णालयात त्याचा फरक जाणवतो, हे मी रांगेत उभा राहून पाहिले आहे. पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये दुसऱ्या खात्याची, ती या निर्णयात नव्हती. म्हणजे साधे दुखणे मोफत आणि नांदेडला हलवावे लागेल असे दुखणे पैशाचे. ज्याच्यावर ओझे मोठे त्याला सवलत कमी.

त्याच वर्षी सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना नांदेडच्या शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. देशभर बातमी झाली. औषधांचा तुटवडा, रिकाम्या जागा, शेवटच्या क्षणी बाहेरून पाठवलेले रुग्ण अशी कारणे सांगितली आणि नाकारली गेली. चौकशांच्या तपशिलात मी इथे जात नाही, त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. एवढेच नोंदवतो की ते रुग्णालय एकट्या नांदेडचे नाही. हिंगोली, परभणी, यवतमाळचा काही भाग आणि तेलंगणाच्या सीमेवरची गावे, सगळे तिथेच येतात. खर्च चार जिल्ह्यांत जवळ आला नाही, तेव्हा चार जिल्ह्यांचे रुग्ण एका छताखाली जवळ आले. त्या बारा बाळांपैकी कोणाच्या आईला आपल्या तालुक्यातच वेळेवर डॉक्टर मिळाला असता तर, हा विचार मला हे पुस्तक लिहिताना कधी सोडून गेला नाही.

पुस्तकाची रचना सरळ आहे. पहिल्या भागात विकसित देशांचा अनुभव, त्यात जपान, कोरिया, कॅनडा आणि इंग्लंड यांना जास्त पाने दिली आहेत. दुसऱ्या भागात भोर समितीच्या १९४६ च्या अहवालापासून आजपर्यंतचा भारत. तिसरा भाग महाराष्ट्राचा आणि त्यातही परभणी जिल्ह्याचा. गणित ज्यांना नको वाटते त्यांनी तिसऱ्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल. बीजगणिताची सूत्रे मी मुख्य मजकुरात ठेवलेली नाहीत.

शेवटच्या प्रकरणात एक मागणी मांडली आहे, ती इथेच सांगून टाकतो म्हणजे वाचक तिची वाट पाहत बसणार नाही. आज पूर्णा तालुक्यातला रुग्ण नांदेडच्या सरकारी रुग्णालयात भरती झाला की त्याच्यावरचा खर्च नांदेडच्या खात्यावर पडतो. परभणीच्या हिशेबात तो दिसतच नाही. त्यामुळे परभणीला किती कमी पडते ते कळत नाही आणि नांदेडला किती जास्त पेलावे लागते तेही कळत नाही. इंग्लंडच्या त्या गटाने १९७६ मध्ये विभागाबाहेर जाऊन उपचार घेणाऱ्यांचा जमाखर्च रुग्णाच्या मूळ विभागाशी जोडला होता. महाराष्ट्राला हे आज सहज करता येईल, कारण भरतीच्या वेळी रुग्णाचा पत्ता घेतलाच जातो. दर तिमाहीला प्रत्येक सरकारी रुग्णालयाने कोणत्या तालुक्यातून किती रुग्ण आले आणि कोणत्या कारणाने आले हे जाहीर करावे, आणि जिल्हा नियोजन समितीने ते आकडे समोर ठेवून पुढच्या वर्षीचा पैसा वाटावा. २०२३ मध्ये परभणीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. त्यामुळे नांदेडची वाट खरोखर कमी होते का, हे याच आकड्यांवरून दोन-तीन वर्षांत कळेल. आणि पूर्णेच्या ग्रामीण रुग्णालयातून सर्वांत जास्त रुग्ण कशासाठी पाठवावे लागतात हे एकदा कळले, की पहिला भूलतज्ज्ञ हवा, की रक्तसाठा, की डायलिसिसचे यंत्र, हे ठरवायला आणखी एखादी समिती नेमावी लागणार नाही.